वावर खचतंय का? उपग्रहाच्या रडारने मोजायला शिकताना

काकांच्या वावरात धुऱ्याला लागून भेग पडली तेव्हा घरात तीन मतं होती. काकू म्हणाली, काळी माती आहे, उन्हाळ्यात फाटतेच. शेजारी म्हणाले, खालून कोळसा काढलाय, आता जमीन बसणारच. काका माझ्याकडे वळले, "तू कॉम्प्युटरवर नकाशे काढत बसतो ना, मग सांग बरं किती खचलं." वणी तालुक्यात हा प्रश्न नवा नाही. घुग्घुस, माजरी, राजुरा, सावनेर, जिथं अंडरग्राउंड खाणी आहेत तिथं तो कोणी ना कोणी विचारतच असतं. आकड्यात उत्तर मात्र क्वचितच मिळतं.

तो आकडा काढायची एक सोय आज फुकट मिळते. युरोपीय अंतराळ संस्थेचा सेंटिनेल-१ए हा रडार उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये सुटला आणि त्याचा सगळा साठा कोणालाही उतरवून घेता येतो. मी हे जसं चुकतमाकत शिकलो त्याच क्रमाने सांगतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर उघडून एखादा थर लावता येत असेल तर तेवढी तयारी पुरे.

एक शब्द आधी नीट वापरू. वर्तमानपत्रं या प्रकाराला सर्रास भूस्खलन म्हणतात. उतारावरून माती-दगड घसरत येणं म्हणजे भूस्खलन, ३० जुलै २०१४ ला माळीणला झालं तसं. आपल्याकडची सपाट जमीन आहे तिथंच खाली बसते, म्हणून मी खचणं म्हणेन.

पायरी पहिली: रडारला काय दिसणार नाही ते आधी समजून घ्या

बहुतेक मार्गदर्शक ही गोष्ट शेवटी सांगतात. मी आधी सांगतो, कारण गावात तुमच्या नकाशावर विसंबून कोणी तरी निर्णय घेणार असतो.

वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या अंडरग्राउंड खाणींत कोळशाच्या थरातून आडवे-उभे रस्ते काढतात आणि मधे चौकोनी खांब सोडतात. पुढे तेच खांब मागे-मागे येत काढून घेतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. खांब गेले की छत बसतं आणि मागे उरलेल्या जागेला गोफ म्हणतात. गोफात वाळू भरली तर वरची जमीन थोडीच बसते, नाही भरली तर बरीच. इथून तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात.

डिपिलरिंग चालू असताना वरची जमीन काही आठवड्यांत झपाट्याने बसते. जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत खांब वर्षानुवर्षं झिजत, चिरडत जातात आणि जमीन हळूहळू उतरते. तिसऱ्या प्रकारात कमी खोलीवरच्या जुन्या पोकळीचं छत थोडं थोडं वर खात येतं आणि एक दिवस वरची जमीन विहिरीसारखी आत जाते. २६ ऑगस्ट २०२२ ला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर असंच जमिनीच्या पोटात गेलं. खाली जुनी अंडरग्राउंड खाण होती.

रडारचा हातखंडा दुसऱ्या प्रकारात आहे. पहिल्या प्रकारात खचणं इतकं वेगात होतं की मोजणी बऱ्याचदा तुटते. का ते पुढे हिशेबाने दाखवतो. तिसऱ्यात खड्डा पडेपर्यंत वरती काहीच हलत नाही, किंवा हललंच तर दहा-वीस फुटांच्या टापूत, जो रडारच्या एका पिक्सेलमध्येही भरत नाही. म्हणून "नकाशात काही दिसलं नाही, म्हणजे घर सुरक्षित आहे" हे वाक्य कधीही कोणालाही बोलू नका. माझ्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात मी हे लिहून ठेवतो.

पायरी दुसरी: मोजणीचं गणित, जेवढं लागतं तेवढंच

उपग्रह सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून तिरपी लहर सोडतो आणि जमिनीवरून परत आलेली लहर पकडतो. लहरीची लांबी ५.५५ सेंटिमीटर. परत आलेली लहर आपल्या चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे तो प्रत्येक ठिपक्यासाठी नोंदवतो. त्या टप्प्याला फेज म्हणतात. १२ दिवसांनी तो त्याच वाटेने येतो आणि पुन्हा नोंदवतो. मधल्या काळात जमीन खाली गेली असेल तर लहरीला थोडं जास्त अंतर कापावं लागतं आणि फेज बदलते. दोन्ही नोंदींची वजाबाकी केली की मिळतो तो इंटरफेरोग्राम.

लहर जाते आणि येते, म्हणून अंतर दोनदा मोजलं जातं. त्यामुळे रंगांचं एक पूर्ण चक्र, निळ्यापासून पुन्हा निळ्यापर्यंत, म्हणजे लहरीच्या निम्मी हालचाल: साधारण २.८ सेंटिमीटर. अशा एका चक्राला फ्रिंज म्हणतात. रेडियनमध्ये मोजायचं तर एक रेडियन म्हणजे जवळपास ४.४ मिलिमीटर. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता तुटण्याचा हिशेब. शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांमधला फरक पाव लहरीपेक्षा, म्हणजे १.४ सेंटिमीटरपेक्षा जास्त झाला की चक्र पुढे गेलं की मागे आलं हे सॉफ्टवेअरला कळत नाही. समजा १२ दिवसांत खळग्याच्या मध्यभागी जमीन ३० सेंटिमीटर बसली आणि काठ १०० मीटरवर आहे. पिक्सेल २० मीटरचा धरला तर काठापासून मध्यापर्यंत पाच पिक्सेल. तिरक्या नजरेने ३० चे २३ सेंटिमीटर दिसतात, म्हणजे एका पिक्सेलमागे साडेचार सेंटिमीटरच्या वर. मोजणी तिथंच संपली. अशा खळग्याच्या मध्यभागी रंगांचा नुसता चिवडा दिसतो आणि कडेला दोन-तीन स्वच्छ कडी राहतात. तो चिवडाही कामाचा असतो: इथे वेगाने काहीतरी घडतंय एवढं तो सांगतो. किती, ते सांगत नाही.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सुटलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह इथे उपयोगी पडेल. त्याच्या एल-बँड लहरीची लांबी २४ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तीच मर्यादा ६ सेंटिमीटरवर जाते. शिवाय लांब लहर पिकाच्या पानांतून बरीच खाली उतरते. तरी शिकायला सेंटिनेलपासूनच सुरुवात करा. त्याच्याकडे दहा वर्षांहून जास्त काळाची नोंद आहे आणि काकांना प्रश्न गेल्या सात-आठ वर्षांचा पडलाय.

पायरी तिसरी: सामान

नासाचं अर्थडेटा खातं उघडा, फुकट आहे. त्याच खात्याने अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या व्हर्टेक्स या शोधखिडकीत शिरता येतं. युरोपीय संस्थेचं कोपर्निकस डेटा स्पेसचं खातंही काढून ठेवा, एक बंद असलं की दुसरं चालतं.

संगणकाबाबत माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या महिन्यात स्वतःच्या लॅपटॉपवर कच्ची दृश्यं उतरवायच्या फंदात पडू नका. एक पूर्ण दृश्य चार-पाच जीबीचं, त्याहून मोठंही असतं आणि जोडीला दोन लागतात. आमच्याकडे रात्री नेट बरं चालतं, पण लाईट गेली की अर्धं उतरलेलं पुन्हा पहिल्यापासून. व्हर्टेक्सला जोडलेली हायप थ्री नावाची सोय त्यांच्याच संगणकावर सगळी प्रक्रिया करून तयार फाइल देते. ती क्यूजीआयएसमध्ये सरळ उघडते. दर महिन्याला ठरावीक काम फुकट करून मिळतं आणि एका तालुक्यापुरतं ते भरपूर झालं.

आतलं यंत्र कसं चालतं हे कळावं म्हणून पुढे कधी तरी युरोपीय संस्थेचं फुकट स्नॅप सॉफ्टवेअर घेऊन एक जोडी हाताने करा. १६ जीबी रॅम हवी. एकदा केली की विश्वास बसतो. पुन्हा पुन्हा करायची गरज नाही.

पायरी चौथी: तारखा निवडा, आणि इथे घाई करू नका

नव्वद टक्के काम इथं बनतं किंवा बिघडतं. माझी पहिली जोडी जूनच्या पहिल्या आठवड्यातली आणि तिसऱ्या आठवड्यातली होती. नकाशा आला तर अख्खा तालुका वर आलेला. खाण, गाव, पांदण, सगळं. मी दोन दिवस सॉफ्टवेअरला दोष देत बसलो. मग काकू सहज म्हणाली, त्या आठवड्यात तर पाऊस लागला होता. कोरडी माती ओली झाली की लहर वेगळ्या तऱ्हेने परतते, वर काळी माती पाणी पिऊन फुगते. त्यात पावसाळी हवेतली वाफ. हवेच्या आर्द्रतेत २० टक्क्यांचा फरक पडला तर नकाशात १० सेंटिमीटरपर्यंतची खोटी हालचाल उमटू शकते. खाणीने केलेल्या हालचालीपेक्षा हे कितीतरी मोठं.

म्हणून आपल्या भागासाठी शेतीचं पंचांगच वेळापत्रक समजा. जून ते ऑक्टोबर वावरातलं काहीही मोजायला जाऊ नका. सोयाबीन निघालं तरी पऱ्हाटी आणि तूर उभी असते, हरभरा येतो. दोन तारखांमधली प्रतिमा एकमेकींशी किती जुळते याला कोहेरन्स म्हणतात, तो शून्य ते एकच्या मापात येतो. हलत्या पानांवर तो पार पडतो. पऱ्हाटी उपटली, हरभरा निघाला, की फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत वावरं उघडी पडतात. हाच आपला हंगाम. त्यातही कोणी नांगरटी केली की त्या वावराचा कोहेरन्स जातो. नकाशात ते चौकोनी काळं दिसतं आणि शेजारचं पडीत उजळ राहतं. पहिल्यांदा मला वाटलं, खचलेल्या जमिनीचा असा चौकोन असतो.

मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस, गारपीट झालेले दिवस वगळा. कुठल्या दिवशी झाली ते शोधायला गावातल्या माणसांची आठवण पुरते, नुकसानीचे पंचनामे झालेले असतात.

वस्ती, रेल्वे सायडिंग, कोल हँडलिंग प्लँट, पुलिया, स्लॅबची घरं मात्र बारा महिने नीट परत बोलतात. कवेलूची घरं तेवढी भरवशाची नाहीत. तुमच्या प्रश्नाची जागा वस्तीत असेल तर निम्मी लढाई जिंकलात असं समजा.

पायरी पाचवी: पहिली जोडी

व्हर्टेक्समध्ये सेंटिनेल-१ चे बर्स्ट निवडा. बर्स्ट म्हणजे पूर्ण दृश्याचा लहान तुकडा, साधारण २० किलोमीटर बाय ८५ किलोमीटर. नकाशावर आपलं गाव चौकोनाने घेरा, तारखा टाका, ध्रुवीकरण (लहर कोणत्या दिशेत कंप पावते ते) व्हीव्ही ठेवा. दोन्ही तारखांच्या बर्स्टचा क्रमांक एकच हवा, नाहीतर जोडी बनत नाही.

उपग्रह दोन दिशांनी येतो. पहाटे सहाच्या सुमारास उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना तो पश्चिमेकडे बघतो, संध्याकाळी सहाच्या सुमारास दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना पूर्वेकडे. दोन दिशांची दृश्यं एकमेकांत कधीच मिसळू नका. एका दिशेची सगळी माळ आधी करा. जोडीचा दुसरा उपग्रह सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, त्यामुळे काही काळ एकाच उपग्रहावर भागवावं लागलं. तारखांत खंड दिसला तर तुमचं काही चुकलेलं नाही.

दोन फेऱ्यांमध्ये उपग्रहाची वाट थोडी सरकते, ते अंतरही तिथं लिहिलेलं असतं. शे-दीडशे मीटरच्या आतलं घ्या. या अंतरामुळे जमिनीच्या उंचसखलपणाची छाया नकाशात पडते आणि ती तयार उंचीच्या नकाशाने वजा केली जाते. हा उंचीचा नकाशा बहुधा दहा-बारा वर्षं जुना असतो. दरम्यान ओपनकास्टचा, म्हणजे वरून उघड्या खाणीचा, मातीचा ढिगारा ३० मीटर वाढला असेल, तर १०० मीटर अंतराच्या जोडीत तिथं पाच-सहा मिलिमीटरची खोटी हालचाल दिसेल. विदर्भात कोळसापट्ट्यात असे डोंगर गावोगाव उभे राहिलेत, म्हणून हा हिशेब आपल्यासाठी.

आता एक निवड, जी बहुतेक नवखे चुकवतात. हायप थ्री तुम्हाला पिक्सेलचा आकार विचारेल: ८०, ४० की २० मीटर. आपोआप ८० निवडलेलं असलं तर बदला. ८० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६३ गुंठे, दीड एकरापेक्षा जास्त. काकांचं निम्मं वावर त्यात एका रंगाचं होऊन जाईल. २० मीटरचा म्हणजे चार गुंठे. खाणीच्या एका पट्ट्याची रुंदी शे-दोनशे मीटर असते, तिच्यासाठी २० च हवा. नकाशा जास्त खरखरीत येईल, ते चालवून घ्या.

स्नॅपमध्ये हाताने करणाऱ्यांनी क्रम लक्षात ठेवा: दृश्याचा तुकडा वेगळा करा, अचूक कक्षा लावा, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवा, इंटरफेरोग्राम काढा, बर्स्टमधल्या काळ्या फटी जोडा, उंचीची छाया वजा करा, पिक्सेल एकत्र करून गोंगाट कमी करा, गोल्डस्टीन फिल्टर लावा, स्नॅफूने चक्रं सोडवा (पूर्ण झालेली चक्रं मोजून फेज सलग करा) आणि शेवटी नकाशावर बसवा. अचूक कक्षेची फाइल दृश्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी येते. कालचं दृश्य घेऊन आज घाई करणाऱ्याला म्हणून थोडा दम धरावा लागतो.

पायरी सहावी: नकाशा वाचा

क्यूजीआयएसमध्ये आधी कोहेरन्सची फाइल उघडा, रंगीत फाइल नंतर. माझी सवय अशी की ०.३५ च्या खालचं सगळं झाकून टाकतो. उरलं त्यावरच बोलायचं. पहिल्यांदा झाकल्यावर निम्मा तालुका गायब होईल, घाबरू नका. जे गेलं ते मुळात नव्हतंच.

मग चक्रं असलेली, न सोडवलेली फाइल बघा. खाणीच्या खचण्याची खूण म्हणजे एकात एक गोल किंवा लांबट कडी, बशीसारखी. आकार खाणीच्या पट्ट्याशी जुळणारा, शेकडो मीटरचा. नदीच्या पात्रालगत किंवा किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेली लाट दिसली तर ती बहुधा हवेची.

शंका आली की जोडी बदला. समजा अ आणि ब तारखांच्या जोडीत बशी दिसली. आता ब आणि क घ्या, मग अ आणि क. बशी तिन्हींत, त्याच जागी, वाढत जाणारी असेल तर जमिनीची. फक्त ब असलेल्या जोड्यांतच दिसत असेल, आणि एकीत खड्डा तर दुसरीत टेकडी होत असेल, तर ब च्या दिवशी आभाळात काहीतरी होतं. या एका युक्तीने माझे कित्येक खोटे खड्डे बुजले.

खाणपट्ट्यात खचण्याची सोंगं घेणारी आणखी मंडळी आहेत. मातीचे ढिगारे स्वतःच्याच वजनाने वर्षानुवर्षं दबत जातात आणि नकाशात ठसठशीत खचलेले दिसतात. खाली पोकळी नसते, ढिगाराच बसत असतो. चालू ओपनकास्टच्या खड्ड्यात रोज पृष्ठभागच बदलतो, तिथं कोहेरन्स नाही, सोडून द्या. राखेचे तलाव तसेच. ओपनकास्टमधून सतत पाणी उपसल्यामुळे भोवतालची भूजलपातळी उतरते आणि त्यानेही जमीन थोडी, पण रुंद टापूत बसू शकते. आजूबाजूच्या विहिरी कधी आटल्या ते विचारून घ्या. उलटही घडतं. बंद खाणीचा उपसा थांबून पाणी परत भरलं की जमीन थोडी वर येते. नेदरलँड्सच्या लिम्बर्ग भागातल्या बंद कोळसा खाणींवर हे रडारने नीट दाखवलंय. नकाशात टेकडी दिसली म्हणून हसू नका.

पायरी सातवी: संदर्भबिंदू आणि मिलिमीटर

रडार फक्त एका जागेच्या तुलनेत दुसरी जागा किती हलली ते सांगतं. ती पहिली जागा तुम्ही ठरवायची असते, आणि ती हललीच नाही असं धरलेलं असतं. ती काळ्या मातीवर असेल तर मातीबरोबर तिचंही हंगामी फुगणं-आकसणं तुमच्या प्रत्येक आकड्यात शिरेल. खाणीच्या टापूबाहेरचं, खडकात पाया असलेलं जुनं पक्कं बांधकाम शोधा. गडचांदूर-कोरपन्याकडे चुनखडकावरची बांधकामं मिळतात, इतरत्र वालुकाश्म उघडा पडलेल्या जागी. पाच-दहा किलोमीटरच्या आत मिळालं तर उत्तम. जितकं लांब जाल तितकी मधली हवा आकड्यात भर घालते. मी दोन बिंदू घेतो आणि दोघांतला फरक आधी बघतो. ते दोघंच एकमेकांशी भांडत असतील तर पुढे जात नाही.

सोडवलेली फेज ४.४ ने गुणली की मिलिमीटर मिळतात. वजा-अधिकचं चिन्ह सॉफ्टवेअरगणिक बदलतं, म्हणून पहिल्यांदा एखाद्या मोठ्या, नव्या ढिगाऱ्यावर तपासा. तो दबतच असणार. तिथं जे चिन्ह येईल ते खचण्याचं.

हे मिलिमीटर तिरक्या नजरेच्या रेषेतले आहेत. सरळ खालचे हवे असतील तर लहर उभ्या रेषेशी किती कोनात येते त्याच्या कोसाइनने भागा. सेंटिनेलमध्ये हा कोन दृश्याच्या एका कडेला २९ अंश, तर दुसरीकडे ४६ पर्यंत असतो. ३९ अंशाला कोसाइन ०.७८ येतो, म्हणजे नजरेच्या रेषेत २.१ सेंटिमीटर दिसले तर सरळ खाली साधारण २.७. पण या भागाकारात आपण असं गृहीत धरतो की जमीन फक्त खालीच गेली. खळग्याच्या काठावरची माती मध्याकडेही सरकते, आणि घरांच्या भिंती चिरतात त्या बहुतेक या ओढीने. एकाच दिशेच्या नकाशात म्हणून खळग्याचा मध्य थोडा बाजूला सरकलेला दिसतो. दोन्ही दिशांची दृश्यं असली तर उभी आणि पूर्व-पश्चिम हालचाल वेगळी काढता येते. उत्तर-दक्षिण हालचाल रडारला जवळपास दिसतच नाही.

एका जोडीवरून एक सेंटिमीटरच्या आतल्या कशावरही मी बोलत नाही.

पायरी आठवी: माळ ओवा

हळू खचण्यासाठी एका जोडीने भागत नाही. निदान २५-३० तारखा घेऊन त्यांच्या जोड्यांचं जाळं बनवा आणि मिंटपाय या फुकट साधनाला द्या. ते प्रत्येक पिक्सेलचा काळानुसार आलेख काढून देतं. इथे प्रोग्रॅमिंगची थोडी भीती वाटेल. हायप थ्रीने बनवलेल्या जोड्या ते थेट वाचतं, त्यामुळे तोंडी लावण्यापुरतं पायथन आलं तरी चालतं.

जाळं बनवताना सगळ्या जोड्या १२ दिवसांच्याच घेऊ नका. पिकाची वाढ, मातीचा ओलावा यामुळे लहान जोड्यांत एक बारीकशी एकतर्फी चूक असते. ती बेरजेत वाढत जाते आणि शेतांवर अशी खोटी उतरण दाखवते जी खऱ्या खचण्यासारखीच वाटते. उन्हाळ्यातल्या ३६, ४८ दिवसांच्या जोड्या घाला, आणि वस्तीसाठी एका वर्षाच्या उन्हाळ्यातून पुढच्या उन्हाळ्यात जाणाऱ्या काही.

आलेखात दर वर्षी पावसाळ्यात वर आणि उन्हाळ्यात खाली अशी लाट दिसली, आणि चार वर्षांनी रेषा जवळपास तिथंच आली, तर ती काळ्या मातीची. लाट असूनही रेषा वर्षागणिक खाली जात असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

पायरी नववी: बांधावर जा

मी शेवटी नकाशा घेऊन काकांच्या वावरात गेलो ते मार्चमध्ये. काळ्या मातीच्या भेगा जाळीसारख्या असतात, षटकोनी, कुठेही फुटतात आणि पहिल्या पावसात मिटतात. खाणीच्या ताणाची भेग सरळ धावते, धुरा-पांदण न बघता, खालच्या पट्ट्याच्या काठाला समांतर. तिच्या दोन काठांत पायरी पडलेली असू शकते आणि पावसाळा झाला तरी ती पुन्हा त्याच रेषेत उघडते. दोन्ही भेगा एकाच वावरात असू शकतात. आमच्याकडे होत्या. काकू आणि शेजारी दोघंही अर्धे बरोबर निघाले.

भेगेच्या जवळ खोलगट भाग दिसत असेल, खालून हवा किंवा धूर येत असेल, तर तिथं पाऊल टाकू नका. पावसाळ्यात तर जाऊच नका.

हाताने मोजायला गवंड्याची लेव्हल नळी घ्या. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने वीस मीटरवरच्या दोन बिंदूंची उंची दोन-तीन मिलिमीटरपर्यंत बिनचूक मिळते. फक्त मातीत खुंट्या ठोकून त्यावर मोजू नका, वरची दीड-दोन मीटर काळी माती हंगामात हलतेच. विहिरीचं पक्कं बांधकाम, पुलियाची कड, जुन्या मोटारखोलीचा जोता असे बिंदू घ्या, ऑइलपेंटने खूण करा, आणि दर दोन महिन्यांनी तारीख घालून लिहा. जमल्यास उपग्रहाच्या फेरीच्याच दिवशी. भेगेची रुंदीही त्याच दिवशी टेपने घ्या.

खालच्या खाणीचा नकाशा मिळवायचा प्रयत्न करा. बंद खाणींचे नकाशे खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे जमा करावे लागतात, आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना गट क्रमांक, गाव, तालुका आणि अक्षांश-रेखांश द्या. "आमच्या गावाखाली काय आहे" अशा अर्जाला उत्तर मिळणं कठीण. जुने नकाशे बऱ्याचदा खाणीच्या स्वतःच्या मापपद्धतीत असतात. चानकाचं (खाणीत उतरायच्या उभ्या विवराचं) तोंड, रेल्वे सायडिंग अशा आजही ओळखू येणाऱ्या दोन-तीन जागा धरून क्यूजीआयएसमध्ये ते बसवावे लागतात. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झालं. त्याच्या आधीच्या कामाचा कागद मिळाला तरी त्यावर फार भार टाकू नका.

नकाशा देताना

ग्रामपंचायतीला किंवा तहसीलला नकाशा द्यायची वेळ आली तर लाल-निळ्या रंगांचं चित्र एकटं देऊ नका. लाल रंग बघून लोक घर सोडतात, आणि घराचा भावही पडतो. सोबत एका पानावर लिहा: कोणत्या तारखांची दृश्यं, उपग्रह कोणत्या दिशेचा, पिक्सेल किती गुंठ्यांचा, संदर्भबिंदू कुठे, कोहेरन्सची मर्यादा किती, आकडा नजरेच्या रेषेतला की सरळ खालचा, आणि झाकलेल्या भागाबद्दल हा नकाशा काहीही सांगत नाही. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक नकाशावर टाका, म्हणजे तलाठ्याला आणि शेतकऱ्याला एकच जागा दिसेल. नळीच्या मोजणीची वही जोडा. माझ्या अनुभवात साहेबांनी रडारचं पान उलटून बाजूला ठेवलं आणि वही मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

काकांच्या विहिरीच्या कठड्यावर आणि पांदणीच्या पुलियावर निळ्या ऑइलपेंटच्या दोन खुणा आहेत. पुढची मोजणी पोळ्याच्या आधी घ्यायची ठरलीय. नळी गवंड्याची आहे, त्याला आधी फोन करावा लागतो.